पत्र्यावरचं कुंकू

विमानाच्या शेपटीत शिरायचं म्हणजे आधी गुडघे पोटाशी घ्यावे लागतात, मग मान खाली घालावी लागते, आणि मग जे कुठलं देवाचं नाव आठवेल ते घ्यावं लागतं. सुनेत्रा हे तिन्ही न कुरकुरता करत असे. म्हणजे तोंडाने कुरकुरत नसे. मनातल्या कुरकुरीची दखल त्या घरात कधी कोणी घेतली नव्हती, त्यामुळे ती तिने खुशाल चालू ठेवली होती.

शरच्चंद्र, तिचा नवरा, उभा जन्म एका विमान कंपनीच्या हँगरमध्ये दुरुस्तीच्या कामावर होता. निवृत्त झाल्यावर माणसं योगासनं करतात, पेन्शनरांच्या कट्ट्यावर बसतात, फार तर गावी जाऊन आंब्याची कलमं लावतात. याने विमान मागवलं. अख्खं नव्हे, सुटं. परदेशातून लाकडी खोकी आली, त्यात कापून भोकं पाडलेले अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे, आणि ते जोडून दोन माणसांचं छोटं विमान आपलं आपण करायचं. परळच्या घरात त्यातल्या एका खोक्याचं झाकणही मावलं नसतं. पण रे रोडला मनूची वखार होती. मनू शरच्चंद्रचा गावचा दोस्त, आणि वखारीत लाकूड आता नावापुरतंच उरलं होतं. त्याने मागची बाजू मोकळी करून दिली आणि तिथे शरच्चंद्रने विमानाचं धड जोडायला घेतलं. पंख नंतर, इंजिन त्याच्याही नंतर. "वयनी, ह्या इमान खराच उडतला काय?" असं मनू सुनेत्राला अधूनमधून विचारायचा, आणि ती म्हणायची, मला काय विचारता, तुमच्या मित्राला विचारा.

पत्र्याला पत्रा जोडायचा तो रिव्हेटने. बाहेरून एकाने गन लावून ठोकायचं आणि आतून दुसऱ्याने रिव्हेटच्या टोकाला लोखंडी ठोकळा दाबून धरायचा, म्हणजे ते टोक चपटं होऊन घट्ट बसतं. हे एकट्याचं काम नाही. त्यातून शेपटीकडे धड निमुळतं होत जातं, आणि तिथे मावेल एवढं बारीक माणूस शरच्चंद्रच्या ओळखीत एकच होतं. सुनेत्राने गिरगावातल्या एका शाळेच्या ऑफिसात बसून आयुष्यभर दाखले लिहिले. उतारवयात हे असं नशिबी येईल असं तिच्या पत्रिकेत कोणालाही दिसलं नव्हतं.

तो बाहेर, ती आत, मध्ये पत्रा. एकमेकांचं तोंड दिसत नाही. तो विचारायचा, "घेतलं?" ती म्हणायची, "घेतलं." मग कानठळ्या बसतील असा थडथडाट, आणि मग तिचा निकाल, बसला किंवा तिरका गेला. लग्न झाल्यापासून त्या दोघांत इतकं सरळ बोलणं कधी झालं नव्हतं, हे तिला मान्य करावं लागे.

प्रश्न वेगळाच होता. पहिल्या खोक्याचे खिळे काढायच्या आधीच शरच्चंद्रने तिला सांगून टाकलं होतं की विमान पुरं झालं की पहिल्यांदा ते तोच उडवणार, आणि एकटा उडवणार. तरुणपणी तो फ्लाइंग क्लबात शिकला होता, आता परवाना पुन्हा ताजा करून घेतला होता. ज्याने जोडलं त्याने आधी बसायचं, यात बोलण्यासारखं काही नाही, असं त्याचं म्हणणं. सुनेत्रा "बरं" म्हणाली. आमटीत मीठ कमी आहे असं कोणी म्हटल्यावर म्हणावं तसं. त्या "बरं"मधून आपल्याला काय म्हणायचं होतं ते तिला त्या दिवशीही कळलं नाही आणि पुढेही कळेना. त्याने वर जायला तिला नको होतं. साफ नको होतं. पण पत्रा नीट बसला की आनंद व्हायचा तो तिलाच, आणि रिव्हेट तिरका गेला की रात्रीच्या जेवणापर्यंत चुटपुट लागायची तीही तिलाच. ज्याची धास्ती घ्यायची तेच आपल्या हाताने ठोकून पक्कं करायचं, याला काय म्हणावं? वेडेपणा म्हणावं तर तो रोज डबा घेऊन वेळेवर वखारीत हजर होत होता.

अशात दसरा आला. आपल्या माणसांना दसऱ्याला हत्यारं पुजायला सांगावं लागत नाही. सुनेत्राच्या सासऱ्यांनी गिरणीत आपल्या साच्याला, म्हणजे मागाला, झेंडू बांधले, शरच्चंद्रने हँगरमध्ये बांधले. वखारीतही ड्रिल, गन, पाने, ठोकळा अशी सगळी मांडामांड झाली, नारळ फुटला, हमालांना पेढे दिले गेले. पत्र्यावर ओरखडे पडू नयेत म्हणून निळी पातळ फिल्म चिकटवलेली असते. ती सुनेत्राने शेपटीच्या जरा अलीकडे, डाव्या अंगाला, थोडी सोलली आणि कुंकू पाण्यात कालवून बोटाने स्वस्तिक काढलं. शरच्चंद्रने मनापासून हात जोडले. मग म्हणाला की संध्याकाळी आठवणीने पुसून टाक, कुंकवात चुना असतो, आणि ओला चुना अ‍ॅल्युमिनियमला खातो.

संध्याकाळी तो मनूबरोबर सोनं वाटायला गेला आणि सुनेत्राने फडकं ओलं केलं. हात पुढे गेला आणि तिथेच राहिला. ती काही देवभोळी नव्हती. वटपौर्णिमेला वडापर्यंत जायचा तिला कंटाळा, ती खिडकीतल्या कुंडीवर भागवायची. मांजर आडवं गेलं तर त्यालाच बाजूला हो म्हणायची. पण नवरा ज्यात बसून आभाळात जाणार, त्याच्यावर आपण लावलेलं कुंकू आपल्याच हाताने पुसायचं? बाईचं कुंकू पुसलं गेलं असं आपल्यात कशाला म्हणतात, हे तिला कोणी समजावून सांगायला हवं होतं थोडंच. तिने फडकं पिळून दोरीवर टाकलं आणि निळी फिल्म कुंकवावरून अलगद परत चिकटवली. दिसतही नाही आणि पुसलंही नाही. असा मधला मार्ग सापडला की माणसाला उगाच आपण फार हुशार असल्यासारखं वाटतं.

"पुसलंस?" घरी जाताना त्याने विचारलं.

ती हो म्हणाली.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. धडाचा सांगाडा झाकत आला. शिमग्याच्या सुमारास एके दुपारी शरच्चंद्र अडकून पडलेल्या एका खोक्याची चौकशी करायला गोदीच्या ऑफिसात गेला होता आणि जाताना तिला फिल्म सोलून ठेवायला सांगून गेला होता. सोबतीला हेरंब होता. हा त्यांच्याच बिल्डिंगमधला, गणपती मंडळाचा कार्यकर्ता. विमानात बाप्पा बसवायचा देखावा त्याच्या डोक्यात कधीपासून घोळत होता, आणि काकांचं विमान काही उडत नाही, शेवटी आपल्यालाच मिळणार, अशी त्याची खात्री होती. म्हणून तो अधूनमधून मापं घेऊन जायचा.

डाव्या अंगाची फिल्म सुटली आणि सुनेत्राचा हात थांबला. लाल रंग जवळजवळ उरला नव्हता. त्याच्या जागी करडं, काळपट स्वस्तिक पत्र्यात उतरलेलं होतं. तिने नख फिरवलं. नख अडकलं.

हेरंबने आधी चप्पल काढली, मग हात जोडले, मग मोबाइल काढला. "काकू, हे आपोआप उमटलंय. स्वयंभू आहे हे. एक नंबर."

"फोन खिशात घाल. ते मी काढलंय, दसऱ्याला."

"तुम्ही काढलंत हो. पण टिकवलं कोणी?"

टिकवलं तिनेच होतं, आणि तेच तर बोलायची चोरी. हेरंबला तिने कसंबसं वाटेला लावलं, ग्रुपवर काही टाकलंस तर तुझ्या आईला सांगेन असा दम भरला, आणि एका फळकुटावर बसून राहिली.

आता काय करायचं ते तिला सुचेना. हा नुसता डाग की पत्रा खरंच खाल्ला गेलाय, हे तिला ठरवता येत नव्हतं. सांगावं, तर तो पत्रा काढणार. पत्रा काढायचा म्हणजे त्याचा एकेक रिव्हेट ड्रिलने उडवायचा, नवा पत्रा मागवायचा, पुन्हा शेपटीत शिरायचं. विमान काही महिने लांबणार. हे मनात येताच तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं म्हणून तिला स्वतःचीच लाज वाटली. न सांगावं, तर वर रंग बसेल, कोणाला काही दिसणार नाही, आणि हा माणूस कुजक्या पत्र्यानिशी एकटा वर जाईल. त्याच्या रक्षणासाठी ठेवलेल्या कुंकवाने त्याच्याच पायाखालची फळी पोखरली होती. मग ते शुभ म्हणायचं की अशुभ? आणि तिने ठेवलं ते तरी नक्की त्याच्यासाठीच का? की विमान कधी पुरंच होऊ नये असं मनाच्या तळाशी होतं आणि तिने कुंकवाचं निमित्त केलं? तिने पुष्कळ डोकं लढवलं. जितका विचार केला तितका गुंता वाढत गेला, आणि तेवढ्यात शरच्चंद्र परत आला. तिने घाईघाईने फिल्म परत चिकटवली.

राहिलेली ओळ उरकून टाकू, असं तो म्हणाला. ती शेपटीत शिरली. गुडघे पोटाशी, मान खाली. या वेळी कुठल्याच देवाचं नाव आठवेना.

"घेतलं?" बाहेरून आवाज आला.

ठोकळा तिने हातातच धरून ठेवला.

"सुनेत्रा, घेतलं का?"

"मी ते पुसलं नव्हतं," ती म्हणाली. "दसऱ्याचं कुंकू. तुम्हाला खोटं सांगितलं. आता पत्रा खराब झालाय."

बाहेर गन खाली ठेवल्याचा आवाज झाला. तो रागावेल, याची तिने तयारी ठेवली होती. केसाएवढी चूक झाली तरी रिव्हेट काढून टाकणारा माणूस तो. कामात कुचराई झाली म्हणून त्याने सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं होतं.

"माहीत आहे मला," तो म्हणाला.

तिला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. मग तो सावकाश सांगू लागला. दिवाळीतच त्याला निळ्या फिल्मखाली लाल दिसलं होतं. तेव्हा पत्रा चांगला होता, पुसलं असतं तर काही झालं नसतं. हँगरमध्ये तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या विमानांवरचं कुंकू तोच पुसत असे, त्यात त्याला कधी काही वाटलं नव्हतं. इथेही त्याने स्पिरिट घेतलं, कापूस घेतला, फिल्मची कडा उचलली. आणि परत दाबून टाकली.

"पण खराब होणार हे कळत होतं ना तुम्हाला?"

"कळत होतं."

"मग?"

"मी एकटा उडवणार म्हटल्यावर तू 'बरं' म्हणाली होतीस. तुझं बरं मला कधी कळलंच नाही. ते कुंकू बघितलं आणि कळलं. तुला भीती वाटते, हे तू बोलशील म्हणून वाट बघत होतो मी. पुसून टाकलं असतं तर तू कधीच बोलली नसतीस."

सुनेत्राला त्याचा भयंकर राग आला. इतके महिने ती आत वाकून ठोकळे धरत होती आणि हा शहाणा बाहेर उभा राहून पत्रा सडायची वाट बघत होता. आणि त्याच वेळी तिचे डोळे भरून आले. यातलं आधी कुठलं आलं हे तिला सांगता आलं नसतं. ठोकळा तिने मांडीवर ठेवला आणि पदराने नाक पुसलं.

"हे बघ," तो म्हणाला, "हा पत्रा असाच राहिला तर हे विमान मी उडवणार नाही. कोणालाच उडवू देणार नाही. हेरंबला देऊन टाकू देखाव्याला. मी काही म्हणणार नाही, नंतर टोमणाही मारणार नाही. काढायचा असेल तर आत्ता काढायला घेऊ. तू सांग."

याचीच तर ती वाट पाहत होती. कोणीतरी विचारावं आणि आपण नको म्हणावं, एवढंच हवं होतं तिला. नको हा शब्द केव्हापासून तिच्या तोंडात तयार होता. आता विचारल्यावर तो ओठावर येईना. घरात रोज समोर बसून पेपर वाचणारा, टोमणा न मारणारा शरच्चंद्र तिच्या डोळ्यांपुढे आला, आणि तोही तिला बघवेना.

"काढा," ती म्हणाली.

"म्हणजे उडवू?"

"पत्रा काढा म्हटलं मी."

तो ड्रिल घेऊन आला. पहिल्या रिव्हेटचं डोकं त्याने उडवलं, आतून रिव्हेटचं बूड तिच्या मांडीवर पडलं. मग बाहेरून आवाज आला, "पुढचा काढू?" ती काढा म्हणाली. तोही रिव्हेट निघाला आणि पुन्हा तोच प्रश्न. तिच्या लक्षात आलं की हा प्रत्येक रिव्हेटला विचारणार आहे. प्रत्येक वेळी तिला थांबा म्हणायची मुभा होती, आणि प्रत्येक वेळी ती काढा म्हणत होती, आणि आपण त्याला होकार देतोय की नवा पत्रा येईपर्यंतची मुदत मागून घेतोय, हे काही केल्या तिला उमगत नव्हतं. अशी अर्धी ओळ झाली.

"सारखं सारखं काय विचारताय," ती शेवटी करवादली. "काढत जा सगळे. घरी जाऊन भात टाकायचाय मला."

मग त्याने विचारलं नाही. ड्रिल चालत राहिलं, रिव्हेट पडत राहिले. आणि तो आता खरंच विचारत नाही म्हटल्यावर सुनेत्रा प्रत्येक रिव्हेटनंतर ड्रिल थांबतं का, याकडे कान लावून बसली.