माझ्या दोन मुक्या नळ्या

मी सतरा नळ्यांचं एक जुनं फुंकवाद्य आहे. मला शो म्हणतात, आणि माझ्या वयाची कीव केलेली मला मुळीच खपत नाही. मित्रांनो, माझा बांबू एका शेतघराच्या छपराखाली पिढ्यान्‌पिढ्या चुलीच्या धुरात काळा झालेला आहे. असल्या बांबूला कोण काय घाबरवणार!

कारागिरानं माझ्या पंधरा नळ्यांत काशाच्या पातळ जिभा बसवल्या. उरलेल्या दोन शोभेपुरत्या, मुक्या. का, तर म्हणे पहिल्यापासून असंच आहे.

जपानमधल्या नारा शहराजवळच्या डोंगरातल्या बुद्धमंदिरात मी दोशिन आजोबांच्या हाती होतो. फुंकरीचा दमटपणा जिभांवर बसला की माझा आवाज बसतो, म्हणून ते मला सतत निखाऱ्यांच्या शेगडीवर शेकत. पूजेला माझं फार कौतुक व्हायचं. आजोबा गेले आणि मी कपाटात गेलो. पूजेला यंत्रावर ध्वनिमुद्रित संगीत लागू लागलं. मला त्याचा राग अजून आहे.

एके दिवशी त्यांची नात चिझुरू हिनं मला बाहेर काढलं. तिनं त्या दोन नळ्यांतही जिभा बसवून घेतल्या आणि नवी रचना बांधली, त्याच दोन सुरांनी सुरू होणारी. मी इतका खूश कधीच झालो नव्हतो.

मंदिराच्या भक्तमंडळाचे प्रमुख इनागाकी मात्र भडकले. "इतकी वर्षं ज्या गप्प आहेत, त्यांना आत्ताच काय बोलायचंय गं?"

"तेच ऐकायला या ना, काका," चिझुरू म्हणाली.

"येतो. पण सूर फसले, तर हे वाद्य परत कपाटात. कबूल?"

"कबूल."

वादनाच्या दिवशी बर्फ पडत होतं. माणसं येऊन बसली, आणि इनागाकींनी माझी शेगडी उचलली. "लाकडी मंदिरात विस्तव नको. आगीचा नियम आहे."

"आजोबांची शेगडी तर पहिल्यापासून इथेच होती, काका!"

त्यांनी ऐकलं न ऐकलंसं केलं आणि शेगडी बाहेर नेऊन ठेवली. चिझुरूनं फुंकून पाहिलं. गारठ्यात जिभा दमटल्या होत्या, माझ्यातून नुसती हवा गेली. मला कपाट दिसू लागलं, पण तिनं मला खाली ठेवलं नाही.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून इनागाकींची बायको तोमिए उठली. कंबरपट्ट्यात खोचलेली शेकायची गरम पुडी काढून तिनं माझ्याभोवती धरली. "घे बाळ. दुखली आज कंबर तर दुखू दे." मग साऱ्याच म्हाताऱ्यांनी आपापल्या पुड्या काढल्या. तोमिएनं नवऱ्याच्या बाहीत हात घालून त्यांचीही ओढून घेतली.

"अगं, माझी कशाला?"

"गप्प बसा. बोटं गारठली तर शेगडी बाहेर आहे."

हशा पिकला. मी ऊबदार झालो. चिझुरूनं श्वास घेतला, आणि माझ्या दोन मुक्या नळ्या बुद्धासमोर स्वच्छ बोलल्या. इनागाकी शेवटपर्यंत मान खाली घालून ऐकत राहिले. मग उठून बाहेर गेले आणि शेगडी आत आणून ठेवली.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना कुलपात ठेवून जपू नका. त्यांना हाताळा, ऊब द्या. आणि कुणी गप्प दिसलं, तर त्याला बोलायचंच नसेल असं परस्पर ठरवू नका. इनागाकी अजून कुरकुरतात. कुरकुरू देत. मी वाजणार, आणि सतराच्या सतरा नळ्यांनी वाजणार.