मल्हारचं वय

सांगलीच्या त्या दवाखान्यात "मल्हार!" अशी हाक आली की बाकड्यावरून आधी कुणीतरी उठायचं आणि मग नानासो उठायचा. बाकडं दोनदा करकरायचं. नानासोला त्याचं नवल नव्हतं. शाळेत हजेरीला, मतदानाच्या खोलीत, रेशनच्या रांगेत, जन्मभर हे असंच चाललेलं. पुढच्याला वाट द्यायची आणि आपण मागून जायचं. दारसुद्धा कुणीतरी आधीच लोटून धरलेलं असायचं.

मल्हार हा नानासोचा थोरला भाऊ. आठ वर्षांचा होऊन तापानं गेला आणि त्याच महिन्यात आटपाडीकडच्या माळावर, मेंढरांच्या तळावरच, नानासो जन्मला. मेंढीचं कोकरू मेलं की त्याचं कातडं दुसऱ्या पोरक्या कोकराच्या अंगावर घालतात; मेंढी वास घेते, आपलंच समजते आणि पाजते. त्यांच्या आईनं, रंगुबाईनं, तीच युक्ती वेगळ्या गिऱ्हाइकावर चालवली. मेलेल्याचं नाव जित्या पोरावर घातलं. जो एकाला घेऊन गेला तो पुन्हा आलाच, तर वास घेईल, "हे तर मी नेलेलं" म्हणेल आणि माघारी जाईल. अट एकच. मल्हार गेला, हे कुणी तोंडानं म्हणायचं नाही.

त्यामुळं मल्हारची मेल्यावर भरभराट झाली. चौदाव्या वर्षी तो पहिलीत बसला. मास्तरांनी उंची बघितली आणि "खुरटलंय" एवढाच शेरा मारला. पुढं त्यानं मतदान केलं, आधार कार्ड काढलं, एसटीत म्हाताऱ्यांच्या सवलतीत आठ वर्षं आधीच बसला. लग्नात मनुबाईनं उखाण्यात नाव घेतलं तेही मल्हाररावांचं. नानासोच्या वाट्याला भाकरी आली आणि घरातली हाक.

तर त्या दिवशी नानासो आणि त्याचा बालमित्र वजीर शिंपी, दोघं डॉक्टर इंद्रजितांसमोर बसले होते. वजीरचा मुलगा शाहनवाज कुपवाडला कारखान्यात कामाला. तिथल्या शिबिरात त्यानं दोघांचं रक्त प्रोस्टेटच्या तपासणीला द्यायला लावलं होतं.

"पीएसए दोघांचाही पाच पॉइंट आठ," डॉक्टर म्हणाले.

"जोडीनं पास!" वजीर म्हणाला.

"थांबा, चाचा. प्रोस्टेटची ग्रंथी हे प्रथिन रक्तात सोडते. ते वाढलं म्हणजे कॅन्सर झालाच असं नाही, पण शक्यता वाढते. आणि आकडा वयाप्रमाणं बघायचा असतो. तुम्ही सहासष्ट. या वयात साडेचारच्या वर गेलं की मी पुढं तपासतो. रक्त परत घेऊ, त्यातल्या मोकळ्या पीएसएचं प्रमाण बघू, मग एमआरआयचं ठरवू." मग ते नानासोकडं वळले. "मल्हारकाका, तुम्ही चौऱ्याहत्तर. तुमच्या वयाला साडेसहापर्यंत चालतं. वर्षानं या. तब्येत मात्र वयाच्या मानानं झकास ठेवलीय."

बाहेर आल्यावर वजीर बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिला.

"नाना, तू पास न्हाई झालास रं. त्यो झाला."

"गप."

"गप काय? आपुन एकाच उन्हाळ्यातलं. तुज्या आईला दूध नव्हतं तवा माज्या आईनं पाजलंय तुला. आकडा बी एकच. मग मला म्हनं ये, आन तुला म्हनं जा?"

"डॉक्टर म्हनला, काय व्हनार न्हाई."

"व्हय की. त्याला काय बी व्हनार न्हाई," वजीर म्हणाला. "तुजं काय?"

संध्याकाळी मनुबाई भाकरी थापत होती. चुलीच्या कडेला रोजच्यासारखी चतकोर भाकरी वेगळी काढलेली होती. ती रंगुबाईपासूनची रीत. सकाळी ती नसायची. मांजर खातं, असं म्हणायची पद्धत होती. घरात मांजर नव्हतं.

"तोंडानं म्हनावं लागंल," नानासो म्हणाला. "त्यो गेला म्हनून. न्हाईतर डॉक्टर माजं वय धरनार न्हाई."

मनुबाईचा हात परातीतच थांबला. "आवं, मग मी कोन? नाव त्याचं घिऊन ह्या घरात आले. त्यो गेला म्हनलासा, तर माजं कुक्कू कुनाचं?"

"आन न्हाई म्हनलो तर त्याचं वय घिऊन मरीन. लोकं म्हनतील, चांगला पिकून गेला."

तव्यावरची भाकरी फुगून करपायला लागली. मग ती उलटत मनुबाई म्हणाली, "नांदले ती तुमच्यासंगं. जावा. न्हाई, मी बी येते. काय म्हनायचं ते माज्याम्होरं म्हना."

त्या संध्याकाळी तिनं चतकोर उचलली आणि तिच्या जागी अख्खी भाकरी ठेवली. "वाटंला लागंल त्याला," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात "मल्हार!" अशी हाक आली. बाकडं दोनदा करकरलं. दार लोटून धरलेलं होतंच.

"डॉक्टर, माजं वय चुकलंय," नानासो म्हणाला. "मी सहासष्ट वर्षांचा."

"मग हे चौऱ्याहत्तर कुणाचं?"

"मल्हारचं."

"मल्हार तुम्हीच ना?"

रंगुबाईला जाऊन वीस वर्षं झाली होती, तरी ती मागं उभी असल्यासारखं नानासोनं मान आखडली. "न्हाई. मल्हार वारला."

खोलीचं दार बंद होतं. ते सावकाश उघडलं आणि आवाज होऊ नये अशा बेतानं परत लागलं. मनुबाई एकदम बाजूला सरकली आणि तिनं डोईवरून पदर ओढून घेतला. थोरले दीर जवळून गेले की बायका ओढतात तसा.

"मग शिबिरात रक्त कुणाचं घेतलं आम्ही?" डॉक्टरांनी विचारलं.

"माजंच. नाव त्याचं. मी नानासो."

"पेशंट मयत असेल तर आधी सांगत जावं, काका." डॉक्टरांनी नाव बदललं आणि चौऱ्याहत्तर खोडून सहासष्ट केले. तोच आकडा पडद्यावर आता लाल झाला. "तुम्हालाही थांबून परत रक्त द्यावं लागणार."

"म्हंजी कॅन्सर?"

"म्हणजे बघायला हवं. पण बघता येईल, अशा वेळेत आलात."

बाहेर वजीर परत रक्त द्यायलाच बसला होता. नानासो त्याच्याशेजारी टेकला. थोड्या वेळानं रक्त घेणारी सिमरन दारात आली. तिच्या हातातल्या नळीवर नवी चिठ्ठी होती.

"नानासो!"

बाकडं एकदाच करकरलं. नानासो दारापर्यंत गेला आणि सवयीनं थांबला. दार उघडलं नाही. शेवटी त्यानंच ते लोटलं. चांगलंच जड होतं. इतकी वर्षं ते कुणीतरी धरत होतं, हे त्याच्या खांद्याला आता कळलं.

तो आत गेला. मागं बाकडं करकरलं.

"वैनी, उभ्या का?" वजीर म्हणाला. "बसा की, जागा हाय."

मनुबाईनं वजीरशेजारच्या मोकळ्या जागेकडं बघितलं आणि पदर आणखी पुढं ओढला.

"नगं," ती हळूच म्हणाली. "थोरलं दीर बसल्यात."