खुंटीपासून काठापर्यंत

भूगोलाच्या बाईंना एक खोड होती. लोक 'का?' विचारतात, बाई आधी 'कुठे?' विचारायच्या. कुणी रडत आलं तरी पहिला प्रश्न, "कुठे झालं हे?" नवरा म्हणायचा, "आपल्या मुलीला चांगलं स्थळ सांगून आलं, तर तू आधी ते नकाशात शोधशील." बाई म्हणायच्या, "मग? शोधायला नको?"

त्यांच्या वर्गात सहाच मुलं होती. आधीच्या शाळांनी हात टेकले म्हणून या छोट्या शाळेत आलेली. कुणाचा राग क्षणात डोक्यात जायचा, कुणी आठ-आठ दिवस तोंड उघडायचं नाही. एकाला सगळे वकील म्हणत, कारण पृथ्वी गोल आहे यालाही तो पुरावा मागायचा. आणि एक होती सुसाट.

सुसाट पंधरा वर्षांची, तीन महिन्यांपूर्वी आलेली. भूगोलाच्या तासाला बरोबर विसाव्या मिनिटाला ती उठायची आणि दाराबाहेर धूम ठोकायची. पळणाऱ्याच्या मागे धावायचं नाही, असा शाळेचा नियम; धावलं की मूल आणखी बिथरतं. फाटकाला कुलूप असायचं, त्यामुळे मदतनीस मावशी नुसत्या दारात उभ्या राहून घड्याळ बघायच्या. बारा मिनिटांनी स्वारी परत. जागेवर बसायची, आणि मग हूं की चूं नाही.

बारा मिनिटं ती जाते कुठे? हा प्रश्न बाईंना डास कानाशी गुणगुणावा तसा छळत होता. विचारलं तर सुसाट खिडकीकडे बघायची.

मुख्याध्यापकांना असली उत्सुकता नव्हती. ते म्हणाले, "बाई, रोज तास सोडणारं मूल आपल्याला झेपत नाही. बुधवारी दुपारी तिच्या आत्याला बोलावलंय. निवासी शाळेत पाठवू." निवासी शाळा म्हणजे दिवसभराचा प्रवास. सुसाटला आत्याशिवाय कुणी नव्हतं आणि आत्यालाही सुसाटशिवाय कुणी नव्हतं.

त्या आठवड्यात वर्गात समोच्च रेषा चालू होत्या. गवंडी वापरतात तशी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी धरून मुलांनी शाळेच्या आवाराचा उंचसखलपणा मोजला होता. सारख्या उंचीच्या जागा आता रेषेने जोडायच्या. वकिलाने मैदान घेतलं, कारण ते सपाट होतं आणि त्याला कष्टाचं वावडं होतं. सुसाटने सामानाच्या कोठीमागची जागा घेतली.

मंगळवारी तिचा नकाशा बघून बाईंनी लाल पेन काढलं. दोन रेषा एकमेकींवरून गेल्या होत्या. त्यांनी भलीमोठी फुली मारली. "अगं, समोच्च रेषा एकमेकींना छेदत नाहीत. एकाच जागेला दोन उंच्या कशा असतील?"

"आहेत तिथे."

"कशा असतील, मी म्हणते?"

"जाऊन बघा ना!" कागद तिथेच टाकून सुसाट गेली. विसावं मिनिट झालंच होतं.

संध्याकाळी बसमध्ये बाईंना दरदरून घाम फुटला. पुस्तकात त्या नियमाखाली बारीक अक्षरात एक वाक्य होतं: पुढे झुकलेला कडा असेल, तर रेषा छेदू शकतात. परीक्षेला येत नाही म्हणून वीस वर्षं त्या ते वाक्य गाळत आल्या होत्या. मुलगी बरोबर होती, आणि फुली मारणारी चूक होती. शेजारच्या बाईंनी विचारलंसुद्धा, "बरं नाही का वाटत?"

बुधवारी त्यांनी वर्ग मावशींवर सोपवला आणि तास सुरू होताच कोठीमागे गेल्या. कोठी बांधताना तिथली जमीन उभी कापली होती. माणूसभर उंचीचा मातीचा कडा. पाण्याच्या टाकीतून गळणाऱ्या धारेने त्याचा पाया खाल्ला होता, आणि वरची माती फळीसारखी पुढे आली होती. बाईंनी खाली हात घातला, तो खांद्यापर्यंत गेला. त्या झटकन मागे सरकल्या. कड्याच्या वरून एक पायवाट जात होती.

तेवढ्यात घंटा झाली. बालवर्गाची मुलं जेवायला निघाली, ती त्याच पायवाटेने. त्यांची शिक्षिका पुढे होती, कुणाचा तरी हात धरून, गाणं म्हणत.

आणि सुसाट आली. धावत येऊन ती काठ आणि मुलं यांच्यामध्ये उभी राहिली, दोन्ही हात पसरून. "आतून चला. कुंपणाला चिकटून. ए लाल रिबीन, पुढे बघ." एकेक मूल मोजून तिने पुढे काढलं. शेवटचं मूल गेल्यावर ती गुडघ्यावर बसली. जमिनीत एक लाकडी खुंटी ठोकलेली होती. खुंटीपासून काठापर्यंत तिने पट्टी लावली आणि आकडा वहीत लिहिला.

बाई वर गेल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी 'कुठे' विचारलं नाही. "किती?"

सुसाट दचकली, पण पळाली नाही. "बेचाळीस."

"आणि पहिल्यांदा मोजलंस तेव्हा?"

"त्रेसष्ट."

"तुझा नकाशा बरोबर होता," बाई म्हणाल्या. "मी चुकले." सुसाटने वही बंद केली आणि नुसती मान हलवली.

मुख्याध्यापकांना बाईंनी हाताला धरूनच आणलं. त्यांनी काठावर बूट टेकवून पाहिला. घमेलंभर माती खाली कोसळली आणि सरांचा चेहरा पांढराफटक पडला. दहा मिनिटांत पायवाटेला दोरी लागली.

तरी दुपारची बैठक झालीच. आत्या कामावरून तशीच आली होती. सर म्हणाले, "हे सगळं ठीक आहे. पण हिने सांगायला नको? तोंड आहे ना?"

"सांगितलं होतं," सुसाट जमिनीकडे बघत म्हणाली.

"कधी? इथे सगळं लिहिलेलं असतं." सरांनी तिची फाइल उघडली आणि पहिलं पान मोठ्याने वाचायला घेतलं. "'पहिला दिवस. सकाळी सगळं आवार फिरून आली. विसाव्या मिनिटाला उठली. कडा पडणार, बारकी मुलं जातात, असं ओरडत राहिली. विषयाशी संबंध नाही. भीतीचा झटका. शांत खोलीत बसवलं.'" शेवटच्या शब्दांना त्यांचा आवाज उतरला.

"अक्षर माझं आहे," बाई म्हणाल्या. त्यांना स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

आत्याने पदराने डोळे टिपले. "घरीपण सांगितलं होतं हिने. मीच म्हटलं, शाळेत मोठी माणसं आहेत, ती बघतील."

मग सरांनी निवासी शाळेचा अर्ज उभा-आडवा फाडला. "उद्यापासून पूर्ण तास बसशील?"

"दोरी लावलीय ना आता," सुसाट म्हणाली. "मग कशाला उठू?"

बाईंनी फाइल ओढून घेतली आणि आपल्याच नोंदीखाली तारीख घालून लिहिलं: 'मुलीचं म्हणणं खरं होतं. मी ऐकलं नाही.'

सुसाटने त्यांच्या खांद्यावरून ते वाचलं.

"काठ किती सरकला तेपण लिहा," ती म्हणाली. "एकवीस सेंटिमीटर. नाहीतर परत कुणीतरी म्हणेल, विषयाशी संबंध नाही."