पाणी न सांडणारी गादी

“ही कोण?”

नवऱ्यानं नुकतीच दुकानातल्या गादीला पाठ टेकली होती. बूट काढावेत की नाही या विचारात त्याचा एक पाय अजून खालीच लोंबत होता. बायको मात्र भिंतीवरच्या पडद्याकडे बोट दाखवून उभी होती.

“मी इथं उभी आहे. मग तुझ्या शेजारी ही कोण झोपलीय?”

पडद्यावर दोन आकार होते. उजवीकडचा लालभडक आणि ऐसपैस, म्हणजे नवरोबा. डावीकडचा फिकट पिवळा, बारीकसा, पाठीवर सरळ झोपलेला.

“अगं, कोणी नाही! मशीन आहे, चुकलं असेल.”

“मशीनला बरं नेमकं तुझ्याच बाबतीत चुकायला सुचलं!”

गादीमास्तर खाकरले. उभा जन्म गाद्या विकण्यात गेल्यामुळे साऱ्या गावानं त्यांचं खरं नाव विसरून हेच ठेवलं होतं. “बाई, रागावू नका. हे मशीन सगळ्यांनाच सोबत दाखवतं. मघाशी एक म्हातारबुवा झोपून गेले, त्यांनाही दाखवली. ते तर उठायलाच तयार नव्हते.”

गल्ल्यावरच्या बाईंनी हसू दाबायला तोंडावर हात ठेवला, पण उशीर झाला होता. जोडपं भांडत भांडत दाराबाहेर पडलं. तेवढ्यात आतल्या खोलीतून मालक बाहेर आले.

“मास्तर, गेलं ना आणखी एक गिऱ्हाईक? उद्या मशीनच्या कंपनीतून बाई येणार आहे. मशीनमधलं सगळं पुसून शून्य करून टाकायचं. तरी नाही जमलं तर गादी फेकायची.”

“बिघाडच असेल असं नाही, मालक.”

“मग काय, भूत आहे?”

मालक हसले. गल्ल्यावरच्या बाई हसल्या नाहीत. मास्तर तर नाहीच नाही. त्यांनी चादरीची उजवी बाजू झटकून ताणली आणि डावीवरून नुसता हात फिरवला.

मास्तरांच्या गाद्यांबद्दल गावात काय वाटेल ते बोललं जाई. एका गोदामाच्या रखवालदारानं त्यांच्याकडून गादी नेली. त्याला अशी झोप लागली की चोरांनी गोदाम धुऊन नेलं, दारंसुद्धा नेली, आणि जाताना थंडी लागू नये म्हणून याच्या अंगावर पांघरूण घालून गेले. नोकरी गेली. दुसऱ्या दिवशी गडी दुकानात हजर. मास्तरांना वाटलं, तक्रार घेऊन आला. तो म्हणाला, “आता वेळच वेळ आहे. एक उशी द्या.”

मास्तरांचं कसब होतं ते माणूस ओळखण्यात. गिऱ्हाईक गादी तळव्यानं दाबून बघतं, कलिंगड घेतल्यासारखं थोपटतं, कडेला बसून दोन उसळ्या मारतं. झोपून मात्र बघत नाही. चारचौघांत आडवं व्हायची लाज वाटते. मास्तर त्यांना झोपवत. “आपापल्या बाजूला व्हा,” एवढंच म्हणत आणि बघत राहत. जुनी जोडपी न बोलता आपापल्या कडेनं जातात. दोघं एकाच बाजूला गेले, धडकले आणि हसले, तर लग्न नवं. दोघंही अगदी काठावर झोपले, मध्ये आणखी दोन माणसं मावतील एवढी जागा सोडून, तर त्यांना मास्तर शहाणपणानं दोन वेगळ्या गाद्या दाखवत.

पण त्यांचं नाव झालं ते ग्लासामुळे.

फोम तेव्हा नवा होता. दुकान एका शटरचं होतं आणि आताच्या मालकांचे वडील गल्ल्यावर बसत. जो तो येऊन एकच रडगाणं गाई, की जोडीदार कूस बदलतो आणि आपली झोप मोडते. या गादीवर हललेलं कळत नाही, असं कितीही सांगितलं तरी कोणी विश्वास ठेवीना. मग एका सुट्टीच्या दिवशी मास्तर घरून बायकोलाच घेऊन आले. तिला डाव्या बाजूला पाठीवर झोपवलं. पाण्यानं काठोकाठ भरलेला ग्लास तिच्या छातीवर ठेवून तो दोन्ही हातांनी धरायला लावला. आणि स्वतः उजव्या बाजूला, म्हैस डबक्यात पडावी तसं अंग टाकलं.

“सांडलं?” मास्तर पडल्या पडल्या ओरडले.

“नाही!” गर्दी म्हणाली.

“बाई हलली?”

“नाही!”

“अहो, जरा बेतानं पडा,” ती ओठ न हलवता पुटपुटली. “मी काही फोमची नाही.”

गर्दी खदखदून हसली. त्या दिवसापासून ती गावाची मास्तरीणबाई झाली. दर सुट्टीला ती यायची, त्याच गादीवर, त्याच बाजूला, तशीच ग्लास धरून पडायची. पाण्याचा थेंब कधी सांडला नाही. लोक दुसऱ्या गावांहून बघायला येत. कोणी म्हणे ग्लासात बर्फ असतो, कोणी म्हणे ग्लास चिकटवलेला असतो. एका शंकेखोरानं तर ते पाणी पिऊन बघितलं आणि गुपचूप गादी घेऊन गेला. मास्तर छाती फुगवून सांगत, “अहो, घरीसुद्धा हिचं असंच आहे. मी रात्रभर घोड्यासारखा लोळतो, ही कूस बदलेल तर शपथ!”

घरी मात्र फोम नव्हता. गादीवाल्याच्या घरची गादी, तिच्यात जागोजागी गोळे झालेले. नवी आणू, आणू म्हणता म्हणता राहूनच गेली.

मागच्या थंडीत मास्तरीणबाई गेली.

त्यानंतर काही दिवसांनी दुकानात मशीन आलं. ते म्हणजे गादीखाली घालायचं एक पातळ अस्तर आणि भिंतीवर पडदा. झोपलेल्या माणसाचा भार कुठं किती पडतो ते रंगांत दिसायचं, आणि कोणाला कसली गादी मानवेल ते खाली बारीक अक्षरांत उमटायचं. त्या अस्तरावर नवी गादी घालायची होती. पण मालक हिशेबी. दाखवण्यापुरतीच तर आहे, म्हणून त्यांनी तीच ग्लासाच्या खेळाची जुनी गादी नवं कव्हर चढवून वर टाकली.

एका दुपारी दुकान रिकामं असताना मशीन समजून घ्यायला म्हणून मास्तर उजवीकडे आडवे झाले. पडद्यावर दोघं दिसले.

त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला. पण ते उठले नाहीत. उठलो तर डावीकडचा आकारही जाईल, अशी भीती वाटली. बऱ्याच वेळानं ते हळूच म्हणाले, “आज उकाडा आहे, नाही?”

पुढे रोज दुपारी हा नेम झाला. भाजी महागल्याचं, शेजारच्यांनी भिंत रंगवल्याचं, असं काहीबाही ते सांगत राहत. गल्ल्यावरच्या बाईंना सारं दिसायचं. त्यांनी कोणाला सांगितलं नाही, फक्त आपली खुर्ची रस्त्याकडे तोंड करून फिरवून घेतली.

आणि आता मालक म्हणत होते, शून्य करा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मशीनवाली आली. खांद्यावर पिशवी, कानात गाण्याची तार, बोलणं तडातडा.

“कुठाय तुमचं भूत? काका, जरा झोपून दाखवता?”

मास्तर झोपले. पडद्यावर दोघं आले. तिनं कानातली तार काढली, गादीची डावी बाजू कोपऱ्यापर्यंत चाचपली, चादर वर करून बघितली.

“हात्तिच्या! गादी बसलीय हो इथं. जुनी आहे ना? बरीच वर्षं एकच माणूस एकाच जागी, एकाच तऱ्हेनं झोपलं की फोम त्याचा साचा धरतो. मशीन त्या खळग्यालाच माणूस समजतं. साधी गोष्ट आहे.”

“म्हणजे माणूस आहे,” मास्तर म्हणाले.

“होतं, काका.”

“मशीन तर आहे म्हणतंय. मग राहू द्या की. कोणाचं काय बिघडतं?”

“गिऱ्हाइकं बिघडतात!” आतून मालकांचा आवाज आला.

“मी बटण दाबलं की संपलं,” ती समजुतीनं म्हणाली. मग तिचं लक्ष खालच्या बारीक अक्षरांकडे गेलं आणि ती पुढे झाली. “हे वाचलंत का तुम्ही?”

“चष्मा ड्रॉवरमध्ये असतो.” मास्तरांनी खरं तर त्या अक्षरांकडे कधी बघितलंच नव्हतं. ते आकाराकडेच बघत असत.

तिनं वाचून दाखवलं. “सोबत्याची कंबर टेकलेली नाही. कमरेखाली आधार हवा. खांदे ताठ आहेत. सोबती जागा आहे.” ती थांबली. “कोण झोपायचं हो इथं? झोपलेलं माणूस असं नसतं. ते सैल पडतं, कलतं, हातपाय टाकतं. हे तर श्वास धरून पडलंय.”

“ग्लास असायचा हातात,” मास्तर म्हणाले. “सांडू नये म्हणून.”

आणि बोलता बोलता त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं.

त्यांना घरची गोळ्यांची गादी आठवली. एकदा सकाळी चहा ठेवताना ती म्हणाली होती, “तुम्ही दमून येता. मी जरा हलले की गादी हलते, मग तुमची झोप मोडते.” मास्तरांनी त्याचा विनोद करून तो दुकानात कितीदा तरी सांगितला होता. लोक हसले होते. दोन-चार गाद्या खपल्याही असतील त्यावर.

शेवटी शेवटी दवाखान्यात ती एकटीच एका खाटेवर होती. मास्तर शेजारी स्टुलावर. तिनं डोळे न उघडता विचारलं होतं, “अहो, जरा कूस बदलू का?”

“बदल की. विचारतेस काय?” मास्तर म्हणाले होते. तापात बरळतेय असं वाटलं होतं त्यांना. ती तशीच पडून राहिली होती, खाटेच्या डाव्या कडेला, उजवीकडे त्यांच्यापुरती जागा सोडून.

“काका? करू का शून्य?”

“थांबा,” मास्तर उठले. “एकच मिनिट.”

ते पाण्याच्या पिंपाकडे गेले. काचेचा ग्लास काठोकाठ भरला आणि ज्या हातानं दर सुट्टीला तो तिच्या छातीवर ठेवत, त्याच हातानं आणून डावीकडच्या खळग्यात ठेवला. मग ते उजवीकडे आडवे झाले. पण अंग टाकलं नाही. काचेच्या तावदानावर झोपावं तसे झोपले. हात छातीवर घेतले, खांदे ताठ केले, श्वास धरला.

“आता माझी पाळी,” ते छताकडे बघत म्हणाले. “मी नाही हलत. तू हल. सांडू दे गं, सांडलं तर सांडलं.”

गल्ल्यावरच्या बाईंची खुर्ची हळूच रस्त्याकडून आत वळली. मास्तरांची कंबर दुखायला लागली. मानेत कळ आली. नाकावर माशी बसली, तीही त्यांनी बसू दिली. एवढंसं पडून राहणं किती अवघड असतं ते त्यांना या वयात कळत होतं.

आणि ग्लास कलंडला. सावकाश, डाव्या अंगावर, माणूस कूस बदलतं तसा.

पुढे मशीनवाली सांगायची, त्यात नवल काय, मऊ गादीवरचा भरला ग्लास कधी ना कधी कलंडायचाच. सांगायची खरी. पण त्या क्षणी ती पडद्याकडे बघत होती आणि बटणावरचं बोट तिनं आपसूक मागे घेतलं होतं. पडद्यावरचा पिवळा आकार कुशीवर झाला होता. गुडघे पोटाशी, एक हात गालाखाली. खांदे सैल. थोडा वेळ तो तसाच राहिला. मग उन्हातल्या ओल्या पावलासारखा कडेकडेनं विरत गेला.

“अहो, पाणी सांडलं!” मालक धावत आले.

“सांडलं!” मास्तर ओरडले. अगदी जुन्या, भर गर्दीतल्या आवाजात. मग हळू आवाजात मशीनवालीला म्हणाले, “करा आता शून्य.”

“करायला काही उरलंच नाही, काका,” ती म्हणाली.

ओली गादी मागच्या अंगणात उन्हात उभी केली गेली. संध्याकाळी टेम्पो येऊन ती नेणार होता. तिच्या जागी नवीकोरी आली.

ऊन कलताना एक मध्यमवयीन जोडपं दुकानात आलं. नवऱ्यानं गादी थोपटली आणि नेहमीचंच विचारलं, “यावर बाजूचं माणूस हललं तर कळत नाही ना?”

मालकांनी मास्तरांकडे बघितलं. या प्रश्नावर तर सारं दुकान उभं होतं.

“आधी बाई झोपून बघतील,” मास्तर म्हणाले. “तुम्ही जरा उभेच राहा, साहेब.”

“मी?” बाई संकोचल्या. “यांना पसंत पडली की झालं. मला काय, कुठंही चालतं.”

“झोपा. कुठल्याही बाजूला. सरळ नका, हव्या तशा.”

बाईंनी चपला काढल्या, पर्स मास्तरांच्या हातात दिली, इकडेतिकडे बघितलं आणि अंग चोरून आडव्या झाल्या. मग हळूहळू गुडघे वर आले, हात गालाखाली गेला. पडद्यावर एकच आकार उमटला. मास्तरांनी त्याच्याकडे पाठ केली आणि बाईंची पर्स हातात धरून ते मागच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

अंगणात गादीच्या डाव्या बाजूवरचा ओला डाग वाळत आला होता.

“आटपलं का?” नवऱ्यानं विचारलं.

“असू द्या हो,” मास्तर मागे न बघता म्हणाले. “घाई नाही.”