निरोपाला जागा हवी

मित्रांनो, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देणारी काचेची पेटी असते ना, तिच्या पोटात बसवलेला मी एक जुना, तळहाताएवढा संगणक आहे. आमच्या खोलीत अशा बारा पेट्या. पेटी जास्त तापली, की तो निरोप मी सिस्टरांच्या टेबलावरच्या घंटेला पोचवायचा. निरोप नेणारा प्रोग्राम माझ्याच तोकड्या स्मृतीत राहतो. त्याला मी निरोप्या म्हणतो.

चार वर्षं काम चोख चाललं. मग नवा निरोप्या आला. तो बनवलेला मोठ्या यंत्रांसाठी. वीस भाषा, चित्रं, महिन्याभराच्या नोंदी, असा सगळा बाडबिस्तरा घेऊन तो माझ्याकडे उतरला. शिवाय प्रत्येक निरोपाच्या तीन-तीन प्रती! त्या ठेवायला जागा शोधता शोधता मी मेटाकुटीला यायचो.

एका दुपारी माझ्या पेटीचा हीटर अडकला आणि तापमान चढू लागलं. मला कळलं, पण निरोप ठेवायला जागाच नव्हती. जुन्या नोंदी पुसेपर्यंत सेकंद निसटत होते. आत बाळ होतं. मी नुसता तडफडत होतो.

तेवढ्यात शेजारून जाणाऱ्या थोरल्या सिस्टरांचा हात काचेला लागला.

"अगं बाई, केवढी तापलीय ही! आणि घंटा कशी वाजली नाही?"

त्यांनी हीटर बंद करून बाळाला उचललं. घंटा त्यानंतर वाजली. बाळ लालबुंद झालं होतं, पण सुखरूप होतं.

दुसऱ्या दिवशी एक इंजिनीअरबाई आणि त्यांचे साहेब आले. हीटर बदलला. माझ्याकडे बघून साहेब म्हणाले, "जुनं डबडं आहे, काढून टाका."

"साहेब, दोष याचा नाही. आपणच याच्या डोक्यावर नको ते लादलंय," बाई म्हणाल्या.

बाईंनी निरोप्याची छाटणी सुरू केली. "हे इथे कोण वापरतं?" असं त्या प्रत्येक तुकड्यापाशी थांबून पुटपुटायच्या. भाषा गेल्या, चित्रं गेली, तीन प्रतींची एक झाली. तापमानाच्या निरोपासाठी एक जागा कायमची राखली. पण त्या भरात, हरवलेला निरोप पुन्हा पाठवणारा तुकडाही उडाला. चाचणीत त्यांनी निरोप जात असतानाच तार काढून परत जोडली, तर घंटा गप्प!

बाईंचा चेहरा उतरला. पेटीपाशी उभ्या असलेल्या थोरल्या सिस्टरांना त्या म्हणाल्या, "सिस्टर, घाई नडली माझी."

"मग पुन्हा बघा. शंभरदा बघा. तोवर मी यात बाळ ठेवायची नाही."

बाईंनी तो तुकडा परत बसवला आणि खरोखर शंभरदा पाहिलं. शंभरही वेळा घंटा पापणी लवायच्या आत वाजली.

आता माझी निम्मी स्मृती मोकळी आहे, तरी मी स्वस्थ नाही. काचेआड एवढासा जीव असताना स्वस्थ बसायचं तरी कसं? मित्रांनो, लहानग्यावर काही लादण्याआधी विचारा, त्याला यातलं लागतं किती. आणि त्याच्याकडून काही काढून घेताना मात्र दोनदा विचारा.