घडी मोडली

माधवराव सायकलची घडी करून, ती बगलेत मारून लिफ्टमध्ये शिरले की सोसायटीतलं कोणीतरी हमखास विचारायचं, "काय सर, आज छत्री घेऊन?" पुण्यात सरळ प्रश्न विचारायची पद्धतच नाही! पण माधवराव खवळत नसत. रोज सकाळी धायरीहून सायकल हाणत स्वारगेट गाठायचं, तिथे ती मधोमध दुमडायची, मेट्रोत पायाशी ठेवायची आणि खडकीला उतरून उलगडली की शाळा आलीच. तिथे ते भूगोल शिकवत आणि सायकल नकाशांच्या कपाटामागे आराम करी. सिंहगड रोडवर गाड्या एकमेकींना चिकटून हॉर्न वाजवत उभ्या असताना कडेने सुळकन पुढे जाण्यात जे सुख आहे, ते ज्याला ठाऊक त्यालाच ठाऊक.

पण ही जुनी सायकल म्हणजे नुसता धोंडा. गिअर नाहीत, सांधा कुरकुरतो, आणि धायरीच्या चढावर तर सायकल माणसाला नेत नसे, माणूसच सायकलला नेई. म्हणून नवरात्रात माधवरावांनी नवी आणली. हलकी, गिअरची, आमरसासारखी पिवळी. दुकानदाराने बजावलं होतं, "सर, घडी करताना आधी खटका सोडा. उगाच जोर लावलात तर सांधा मोडेल, मग माझ्याकडे येऊ नका." दुकानदारही पुण्याचाच.

खरी गोम मात्र वेगळीच होती. नवी आली की जुनी मोकळी होणार, आणि मग बायको, नीरजा, आपल्याबरोबर सायकलवर बाहेर पडेल, ही एकच आस त्या माणसाच्या पोटात होती. लग्नाआधी हीच नीरजा डेक्कनवरून अशी सायकल पिटाळायची की माधवरावांना सगळा रस्ता तिची वेणीच दिसे. पुढे लेक लहान असताना एकदा सायकल घसरली. मागे बसलेल्या स्पृहाच्या हनुवटीला टाके पडले. त्या दिवसापासून नीरजाने सायकलला हात लावला नाही. स्पृहा आता बंगळूरला नोकरी करते, तो व्रण आता शोधावा लागतो, पण नीरजाचं नाही म्हणजे नाही.

"जुनी तुला ठेव ना," माधवरावांनी भीत भीत म्हणून पाहिलं.

"अहो, मी कोणाची उतरलेली साडी नेसत नाही, आणि उतरलेली सायकल चालवू?" विषय संपला.

साडीवरून आठवलं. नवी साडी नीरजा आधी स्वतः कधी नेसायची नाही. कात्रजहून नणंद, म्हणजे शकूवन्सं, यायच्या, दिवसभर ती साडी नेसून घडी मोडायच्या, आणि मगच ती नीरजाच्या अंगाला लागायची. वन्संनी घडी मोडली की साडी टिकते, असा तिचा ठाम विश्वास. आता कपाटात दसऱ्याची साडी वन्संची वाट बघत होती आणि हॉलमध्ये पिवळी सायकल दसऱ्याच्या पूजेची. तोवर माधवराव इमानेइतबारे जुनीवरूनच शाळेत जात होते.

"हे धूड सारखं पायात येतंय," नीरजा एका सकाळी म्हणाली. "उचलून गॅलरीत ठेवते."

"अगं, हात लावू नकोस! मी आल्यावर ठेवतो."

"बरं," नीरजा म्हणाली. तिचं "बरं" खरं मानायचं नसतं, हे इतक्या वर्षांत तरी कळायला हवं होतं.

शाळा सुटता सुटता तिचा मेसेज आला. "तुमच्या नव्या सायकलची घडी मोडली. रागावू नका. फोन करू नका, उचलता येणार नाही."

माधवरावांनी मेसेज पुन्हा वाचला. मोडला! सांधा मोडला! तरी बजावून आलो होतो!

"काय झालं हो?" गणिताचे भीमराव चहात बिस्किट बुडवत होते.

"बायकोने नवी सायकल मोडली."

"पूजेआधीच?" भीमरावांनी बिस्किट तोंडात टाकलं. "मग आता शोकसभाच घ्या."

मेट्रोत बसल्यावर माधवराव मनातल्या मनात नीरजाला खूप बोलले. खिडकीशी बसून बोलले, उभं राहूनही बोलले. मग एकदम डोक्यात आलं, उचलता येणार नाही म्हणजे? हाताला लागलं की काय? सांध्यात बोटं चिरडली? त्यांनी फोन लावला, पुन्हा लावला. ती उचलेना. राग कुठल्या कुठे पळाला.

"चुलीत गेली ती सायकल!" ते मोठ्यांदा म्हणाले. शेजारच्या मुलीने कानातला इअरफोन काढून त्यांच्याकडे बघितलं.

स्वारगेटला धापा टाकत वर येऊन ते जुनी उलगडायला लागले, तोच समोरून हाक आली, "अहो, छत्रीवाले!"

कठड्याला टेकून नीरजा उभी होती. डोक्यावर माधवरावांचं जुनं हेल्मेट, ओढणी कमरेला करकचून बांधलेली, तोंड लालबुंद, आणि हातात पिवळी सायकल. धडधाकट.

माधवरावांनी आधी तिचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. मग वाकून सांधा पाहिला.

"मोडला कुठे?"

"काय मोडला?"

"घडी मोडली म्हणालीस ना?"

नीरजा बघतच राहिली, आणि मग अशी हसली की रिक्षावाले वळून बघायला लागले. "अहो, घडी मोडली म्हणजे मी आधी चालवली! इतकी वर्षं वन्सं माझ्या साड्यांच्या घड्या मोडतायत, एक तरी फाटली का?"

"तू धायरीहून इथवर आलीस? एकटी?"

"मग काय वरात काढून येऊ? गॅलरीत न्यायला उचलली, तर काय हलकी हो! म्हटलं, उलगडून तर बघू. मग म्हटलं, बसून तर बघू. पार्किंगमध्ये एक चक्कर, मग गेटपर्यंत..." तिने हेल्मेटचा पट्टा सैल केला. "पुलापाशी बस अंगावर आल्यासारखी वाटली. उतरून कडेला उभी राहिले. स्पृहाला फोन केला. म्हणाली, 'आई, माझी हनुवटी केव्हाच बरी झाली, तुझीच राहिली होती.' मग बसले परत."

माधवरावांचे डोळे भरून आले. भर स्वारगेटला रडायची सोय नाही, म्हणून त्यांनी चष्मा पुसला.

"फार छान केलंस," ते म्हणाले आणि हात पुढे केला. "घडी मोडून झाली, आता दे माझी सायकल. तुझ्या वन्संसुद्धा साडी परत देतात."

"साडी परत देतात. सायकल नाही." आणि ती टांग मारून निघालीसुद्धा.

मग काय! पुढे पिवळी, मागे जुनी. वेणी नव्हती, हेल्मेट होतं, पण पाठ तीच आणि मागे वळून न बघायची सवयही तीच. माधवराव कुरकुरती सायकल दामटत होते आणि एकटेच हसत होते. इतका आनंद त्यांना कित्येक वर्षांत झाला नव्हता.

धायरीच्या चढावर नीरजाने गिअर बदलला आणि सुर्रकन वर गेली. माधवराव नेहमीप्रमाणे उतरले आणि ढकलत निघाले. वर पोचले तेव्हा ती एक पाय टेकून त्यांची वाट बघत होती.

"एवढे दमलात?"

"ही जुनी, गं. चढ घेत नाही."

"मग घ्या की एक नवी," नीरजा म्हणाली. "घडी मी मोडून देईन."