तिसऱ्या खांबाची रेषा

पडद्यावरच्या पुलाच्या चित्राखाली सहा रेषा थरथरत होत्या, नदीवरच्या पादचारी पुलाच्या एकेका खांबाची एकेक. त्यातल्या दोन हुबेहूब सारख्या होत्या. बारीकशी उसळीसुद्धा दोघींची एकाच क्षणी.

पूल विभागाच्या प्रमुखाची जुळी बहीण त्याचा घरी राहिलेला चष्मा द्यायला कचेरीत आली होती. तिने आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेलं. तिची नजर तिथेच अडली.

"हे काय रे?"

"पुलाचा डिजिटल जुळा, म्हणजे संगणकातली प्रतिकृती. खांबांवरचे सेन्सर कंप नि झुकाव मोजतात, पुलाखालच्या पेटीतला छोटा संगणक ते आकडे निवडून इकडे पाठवतो, आणि हा जुळा खऱ्या पुलासारखा वागतो. उद्या हाच साचा शहरातल्या सगळ्या पुलांना लावायचाय."

"मग तिसरा नि चौथा खांब एकसारखे कसे हलतात? आपण जुळे, पण कधी एकदम शिंकलोय?"

त्याला हसू आलं नाही. "तिसऱ्याचा सेन्सर धोका, धोका म्हणून सारखा बोंबलायचा. पेटीला सांगून ठेवलं, त्याच्या जागी चौथ्याचा आकडा घे. पूल बंद केला तर अर्धं शहर अंगावर येईल गं. म्हटलं, चालतोय तोवर चालू दे."

"म्हणजे ताप एका पोराला, नि थर्मामीटर लावलंस शेजारच्याला! आणि उद्या हीच खोड सगळ्या पुलांना चिकटवणार?"

त्याने कीबोर्ड पुढे ओढला. मग त्याने पेटीला दिलेली ती सूचना पुसून टाकली.

तिसऱ्या खांबाची रेषा चौथ्यापासून वेगळी झाली. शाळा नुकतीच सुटली होती. पोरांचा लोंढा पुलावर आला आणि पडद्यावरच्या पुलातून एक लाट सरकत गेली. एवढं पोलाद, एवढं काँक्रीट, आणि ते इवल्या पावलांना उत्तर देत होतं! दोघं श्वास रोखून बघत राहिले. लाट ओसरली. पाच खांब जागेवर आले. तिसरा आला नाही.

"केव्हाचा सांगतोय तो तुला," ती हळूच म्हणाली.

वाचकहो, धोक्याची घंटा कानाला नकोशी झाली की आपण घंटाच बांधून ठेवतो, घरात काय अन् कचेरीत काय. यंत्र कितीही हुशार असो, नकोसं खरं ऐकायचं धैर्य माणसालाच आणावं लागतं.

त्याने फोन उचलला. पुलावरच्या चौकीदाराचा आवाज आला, "बोला साहेब."

"पोरांना सावकाश उतरवा, नि दोन्ही तोंडं अडवा. पूल बंद."